सतरा सप्टेंबरचा झेंडा आणि एक प्रश्न

जिंतूरहून जालन्याकडे निघालेली एस.टी. चारठाण्याला थांबते. पुरातन देवळे, बारव आणि उंच दगडी स्तंभ पाहायला येणारे येथे उतरतात. आम्ही उतरलो ते मात्र एका नातेवाइकाकडच्या साखरपुड्याला. पाहुणे पांगल्यावर ओट्यावर बसलो होतो. घरातली सातवीतली मुलगी वही घेऊन आमच्याजवळ आली. शाळेत मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनावर निबंध लिहून न्यायचा होता. पहिला परिच्छेद तिने लिहिला होता आणि त्यानंतर तिचे पेन अडले होते.

"काका, पुस्तकात लिहिलंय की निजामानं त्याचं राज्य स्वतंत्र केलं होतं. मग आपण सतरा सप्टेंबरला मुक्त झालो म्हणतात ते कशापासून? स्वतंत्र तर आधीच होतो ना?"

वाचकहो, खरे सांगायचे तर आम्ही दोघेही जरा गप्प बसलो. आम्ही लहानपणापासून सतरा सप्टेंबरला झेंड्याला सलाम केला, चॉकलेट खाल्ले आणि घरी आलो. हा प्रश्न आमच्या डोक्यात कधी आला नव्हता. तिने लगेच दुसराही विचारला : "एखादं लहान राज्य मोठ्या देशातून बाहेर पडून स्वतंत्र होऊ शकतं का? सर म्हणाले सिंगापूर झालं. मग हैदराबाद का नाही झालं?"

दारात बसलेली तिची आजी पंच्याऐंशीच्या पुढची. ती म्हणाली, "बाई, तव्हा राजाचं राज्य होतं. आपलं काय होतं त्यात?"

आजीने एका वाक्यात जे सांगितले त्याचा विस्तार आम्ही त्या मुलीसाठी त्या दिवशी केला. तोच येथे आमच्या वाचक भगिनी-बांधवांसाठी आणि विशेषतः शाळेत जाणाऱ्या मुलांसाठी लिहून काढत आहोत.

आधी सिंगापूरचे पाहू, कारण गुरुजींनी दाखला चांगला दिला. १६ सप्टेंबर १९६३ रोजी सिंगापूर मलेशियाच्या संघराज्यात सामील झाले. ते तेव्हा आपल्या मुंबईपेक्षाही थोडे लहान बेट होते. तेथे चिनी वंशाचे लोक बहुसंख्य आणि मलेशियात मलाय लोकांना खास अधिकार, यावरून दोन्हीकडच्या पुढाऱ्यांचे जमेना. १९६४ साली सिंगापुरात दंगली झाल्या. शेवटी दोन्हीकडच्या मंत्र्यांनी गुपचूप बसून कागद तयार केला आणि ९ ऑगस्ट १९६५ रोजी मलेशियाच्या संसदेने सिंगापूरला वेगळे करणारी घटनादुरुस्ती एकाच दिवसात मंजूर केली. त्या दिवशी सिंगापूरचे पंतप्रधान ली क्वान यू टेलिव्हिजनवर बोलता बोलता रडले. बाहेर पडायचे म्हणून ते आनंदाने नाचत नव्हते. प्यायचे पाणी शेजारच्या जोहोरमधून नळाने येत होते, सैन्य नावापुरते होते. म्हणून वेगळे होण्याच्या करारातच जोहोरच्या पाण्याचे जुने करार पाळले जातील अशी हमी लिहून घेतली गेली. २१ सप्टेंबर १९६५ रोजी संयुक्त राष्ट्रसंघाने सिंगापूरला सदस्य करून घेतले. घरातले भाऊ वेगळे निघताना विहिरीचे पाणी कोणाला किती हे आधी ठरवतात, तसाच हा व्यवहार झाला.

दुसरा दाखला युरोपातला. माँटेनेग्रो हा जेमतेम सव्वासहा लाख वस्तीचा मुलूख. तो सर्बियाबरोबर एका संघराज्यात होता. त्या संघराज्याच्या २००३ सालच्या सनदेतच लिहिले होते की तीन वर्षांनी कोणाही घटकाला लोकांचे मत घेऊन बाहेर पडता येईल. २१ मे २००६ रोजी मतदान झाले. युरोपीय संघाने अट घातली होती की निम्म्याहून अधिक मतदारांनी मतदान केले पाहिजे आणि ५५ टक्के मते स्वातंत्र्याच्या बाजूने पडली पाहिजेत. पडली ५५.५ टक्के. अर्ध्या टक्क्यावर देश जन्माला आला! ३ जूनला घोषणा झाली आणि २८ जूनला राष्ट्रसंघाचे सदस्यत्व मिळाले. सर्बियाने नाक मुरडले, पण निकाल मानला.

आता हे दोन दाखले शेजारी ठेवले की लहान राज्य कसे सुटते ते ध्यानात येते. बाहेर पडण्याची वाट कायद्यात असावी लागते, नाहीतर मोठ्या भावाने ती राजीखुशीने करून द्यावी लागते. आत राहणाऱ्या लोकांचा कौल असावा लागतो. आणि बाहेरच्या जगाने, विशेषतः ज्याच्यातून निघालो त्याने, 'तू वेगळा' असे मान्य करावे लागते. १९६७ साली नायजेरियातून बियाफ्रा असेच निघू पाहत होते. मोठ्या भावाने मान्य केले नाही, जगातल्या मोजक्याच देशांनी ओळख दिली आणि १९७० साली युद्ध व उपासमारीत सगळे संपले.

हैदराबादकडे येऊ. मुलीने विचारले तसे, हैदराबाद कोणत्या संघराज्यातून बाहेर पडले होते काय? नाही. येथेच पहिली गफलत होते. १९३५ च्या कायद्यात ब्रिटिश हिंदुस्थान आणि संस्थाने मिळून एक संघराज्य करण्याची योजना होती. पण संस्थानिकांनी पुरेशा सह्या केल्या नाहीत आणि ते संघराज्य कागदावरच राहिले. म्हणजे निजाम कोणत्या संघात कधी आलाच नव्हता. मात्र त्याच्या डोक्यावर इंग्रजांची सार्वभौम सत्ता होतीच. १९२६ साली निजामाने बरोबरीच्या नात्याची भाषा केली, तेव्हा व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंगने त्याला पत्र लिहून स्पष्ट सांगितले की हिंदुस्थानात ब्रिटिश सत्तेच्या बरोबरीचा कोणी नाही. निजाम गप्प बसला. १९४७ च्या हिंदी स्वातंत्र्य कायद्याने ही वरची सत्ता संस्थानांपुरती संपली असे जाहीर केले. निजामाने त्याचा अर्थ काढला तो असा की आता माझ्या वर कोणीच नाही. जून १९४७ मध्येच त्याने फर्मान काढले : हिंदुस्थानातही नाही, पाकिस्तानातही नाही, इंग्रज गेले की हैदराबाद स्वतंत्र आणि सार्वभौम.

संस्थान काही लहानसहान नव्हते. ८२ हजार चौरस मैलांहून अधिक मुलूख, १९४१ च्या शिरगणतीप्रमाणे सुमारे १ कोटी ६३ लाख वस्ती, सोळा जिल्हे. स्वतःची रेल्वे, स्वतःचे टपाल, स्वतःचे नाणे. सात हाली रुपयांना साधारण सहा कलदार असा भाव चाले. मराठी बोलणारे पाच जिल्हे होते : तेव्हाचे औरंगाबाद व उस्मानाबाद, आणि बीड, परभणी, नांदेड. त्यात परभणीतला जिंतूर तालुका आणि त्यात आमचे चारठाणे. समुद्र मात्र कोठेच नव्हता. चारी बाजूंनी हिंदुस्थान.

त्याच जून महिन्यात बाबासाहेबांनी एक निवेदन काढले. हैदराबाद आणि त्रावणकोर या दोन्ही संस्थानांनी स्वतंत्र होण्याची भाषा केली होती, म्हणून ते लिहिले गेले. कायद्याचा कीस काढून बाबासाहेबांनी दाखवले की सार्वभौम सत्ता अशी हवेत विरून जात नाही, ती स्वतंत्र हिंदुस्थानकडेच येते. आणि संस्थानिकांना व्यवहाराचीही गोष्ट सांगितली. राष्ट्रसंघ आपल्याला मान्यता देईल अशा आशेवर राहणे म्हणजे स्वतःच्याच स्वप्नात राहणे आहे. समजा मान्यता दिलीच, तरी आतल्या प्रजेला जबाबदार राज्यपद्धती दिल्याशिवाय राष्ट्रसंघ कोणाच्या मदतीला येणार नाही. पुढे पंधरा महिन्यांनी काय झाले ते पाहिले म्हणजे बाबासाहेबांनी किती लांबवर पाहिले होते ते कळते.

प्रजेला विचारण्याचा प्रश्नच नव्हता. हैदराबाद स्टेट काँग्रेसवर १९३८ पासून १९४६ पर्यंत बंदी होती. बंदी उठल्यावर स्वामी रामानंद तीर्थांनी ऑगस्ट १९४७ मध्ये विलीनीकरणाची मागणी घेऊन चळवळ उभी केली आणि त्यांना तुरुंगात टाकले. माँटेनेग्रोत अर्धा टक्का मोजला गेला. येथे एक कोटी त्रेसष्ट लाखांपैकी एकालाही कोणी विचारले नाही.

हे सांगून झाल्यावर मुलगी म्हणाली, "म्हणजे राजा स्वतंत्र झाला, माणसं नाही." आम्ही म्हटले, "हेच लिही."

आजीला आम्ही विचारले, तुम्हाला त्या वेळचे काय आठवते? आजीचे माहेर जिंतूर तालुक्यातच, वऱ्हाडच्या बाजूला. गावाचे नाव आम्ही येथे देत नाही. ती तेव्हा आठ-नऊ वर्षांची पोर. "रझाकार आले म्हून कुणी आवाज दिला की माय आम्हाला घेऊन ज्वारीत बसायची. रात्रीची चूल पेटवायची नाही. धूर दिसतो म्हून. आमचा बा म्हणायचा, वऱ्हाडात गेलं म्हंजी इंग्रजी राज, तिथं भ्या नाही." इंग्रज तर केव्हाच गेले होते, पण वऱ्हाडला 'इंग्रजी' म्हणण्याची सवय लोकांची जिभेवरून गेली नव्हती.

वऱ्हाडची ही गोष्ट मोठी मजेची आहे. कागदोपत्री वऱ्हाड निजामाचे. १८५३ च्या तहाने ते इंग्रजांनी आपल्या ताब्यात घेतले आणि १९०२ साली कायमच्या भाडेपट्ट्याने करून घेतले. म्हणून १५ ऑगस्ट १९४७ ला लोणार, वाशीमकडे तिरंगा लागला आणि बैलगाडीच्या एक-दोन मुक्कामांवरच्या चारठाण्यात निजामाचा झेंडा राहिला. त्याच बोलीचे, त्याच सोयरिकीचे लोक, एक बाजू देशात आणि एक बाजू 'स्वतंत्र' राज्यात! मराठवाड्याच्या सरहद्दीबाहेर स्वातंत्र्यसैनिकांचे तळ होते आणि जीव घेऊन पळालेली कुटुंबेही तिकडे जात.

हद्द ओलांडण्याचा आपल्या समाजाला त्याआधीही अनुभव होता. ३० डिसेंबर १९३८ रोजी भाऊसाहेब मोरे यांनी मक्रणपूरला परिषद भरवली तीही याच कारणाने. निजामाच्या हद्दीत बाबासाहेबांच्या सभेला बंदी, म्हणून कन्नडजवळच्या हद्दीला लागून ब्रिटिश खानदेशात जागा धरली. औरंगाबाद जिल्ह्यातले लोक नदी ओलांडून बाबासाहेबांना ऐकायला गेले. ज्या राज्यात आपल्या पुढाऱ्याचे भाषण ऐकायला शेजारच्या राज्यात जावे लागते, ते राज्य 'स्वतंत्र' झाले तर आपल्याला काय मिळणार, हा प्रश्न म्हणून १९४७ मध्ये आपल्या लोकांपुढे रोकडा उभा होता.

आणि त्यावर आपल्यात दोन मते होती हे लपवण्यात अर्थ नाही. हैदराबादच्या बी. एस. व्यंकटराव यांना लोक 'हैदराबादचे आंबेडकर' म्हणत. ते निजामाच्या शेवटच्या मंत्रिमंडळात, म्हणजे लायक अलींच्या मंत्रिमंडळात, शिक्षणमंत्री झाले. दलितांच्या शिक्षणासाठी निजामाने एक कोटी रुपयांचा निधी काढला. औरंगाबादेत जन्मलेले श्यामसुंदर हे राष्ट्रसंघाकडे गेलेल्या निजामाच्या शिष्टमंडळात होते. ही माणसे विकली गेली होती असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. आम्ही तसे म्हणणार नाही. त्यांचा हिशेब असा होता की काँग्रेसच्या राज्यात गावचा पाटीलच मंत्री होऊन बसेल आणि आपली गत तीच राहील. त्यापेक्षा संस्थानात हिंदू-मुसलमानांच्या रस्सीखेचीत आपल्या पारड्याला वजन येईल. सवर्ण काँग्रेसवाल्यांवरचा हा अविश्वास हवेतून आलेला नव्हता. तो गावागावांत रोज उगवत होता.

पण बाबासाहेबांचा अविश्वास काही कमी होता काय? काँग्रेसवर त्यांच्याइतकी कडक टीका कोणी केली? तरीही नोव्हेंबर १९४७ मध्ये त्यांनी पत्रक काढून पाकिस्तानात व हैदराबादेत अडकलेल्या अस्पृश्यांना बजावले की निजामाची किंवा इत्तेहादची बाजू कोणत्याही परिस्थितीत घेऊ नका. जोरजबरीने किंवा भुलवून धर्मांतर करवून घेतलेल्यांना परत येता येईल आणि त्यांना भावाप्रमाणेच वागवले जाईल अशी ग्वाहीही दिली. हैदराबादच्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनमध्ये जे. एच. सुब्बय्या यांच्यासारखी माणसे बाबासाहेबांच्या बाजूने उभी राहिली. निजामाच्या राज्यात दलितांना एक कोटी मिळाले ते दान म्हणून. दात्याची मर्जी फिरली की दान थांबते. ज्या वेळी हे पत्रक निघाले त्याच वेळी दिल्लीत बाबासाहेबांच्या हाताखाली राज्यघटनेचा मसुदा तयार होत होता, आणि त्यात अस्पृश्यता बंद करणारे कलम होते, प्रौढ मताधिकार होता. तो हक्क होता. आमच्या मते दोन मतांमधला फरक एवढाच आणि तो फार मोठा.

पुढचा इतिहास मुलांच्या पुस्तकात आहे, म्हणून भराभर सांगतो. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी भारत आणि निजाम यांच्यात एक वर्षाचा 'जैसे थे' करार झाला. निजाम सरकारने भारतीय चलनावर बंधने घातली, पाकिस्तानला वीस कोटींचे कर्ज दिले, चोरून विमानाने शस्त्रे आणवली. लातूरचा वकील कासिम रझवी याच्या रझाकारांनी खेड्यापाड्यांत जुलूम मांडला. ऑगस्ट १९४८ मध्ये निजाम सरकारने राष्ट्रसंघाकडे भारताविरुद्ध तक्रार केली. १३ सप्टेंबरच्या पहाटे भारतीय फौजा सोलापूरकडून आणि इतर बाजूंनी आत शिरल्या. १६ सप्टेंबरला पॅरिसमध्ये सुरक्षा परिषदेत हैदराबादचा विषय निघाला आणि दुसऱ्याच दिवशी निजामाने शस्त्रे खाली ठेवल्याचे रेडिओवर सांगितले. २२ तारखेला त्याने तक्रारही मागे घेतली. तोवर जगातल्या राष्ट्रसंघाने हैदराबादला ना देश म्हटले, ना मदत केली. बाबासाहेबांनी पंधरा महिने आधी लिहिले तसेच.

एक गोष्ट मात्र शाळेच्या पुस्तकात नसते आणि आम्हाला ती टाळावीशी वाटत नाही. सतरा सप्टेंबरनंतरच्या दिवसांत अनेक ठिकाणी सूड उगवला गेला आणि त्यात रझाकारांशी काही संबंध नसलेले गरीब मुसलमान मारले गेले. पंडित सुंदरलाल यांच्या समितीने त्याच वर्षाअखेरीस फिरून पाहणी केली. संस्थानभरात कमीत कमी सत्तावीस ते चाळीस हजार माणसे मेली असावीत असा तिचा अंदाज होता. तो अहवाल कित्येक दशके लोकांपुढे आला नाही. आजी म्हणाली, "आमच्या गावच्या पिंजाऱ्याची बाई माझ्या मायजवळ पोरं घेऊन बसली व्हती आठ दिवस. मायनं आपल्यातलीच भाकर दिली." आजीने त्या बाईचे नाव सांगितले, ते आम्ही छापत नाही.

मुलीचा दुसरा प्रश्न उरला होता : मग आता आपल्या देशातून एखादे राज्य बाहेर पडू शकते का? याचे उत्तर हैदराबाद पडल्यावर दीड महिन्याने, ४ नोव्हेंबर १९४८ रोजी बाबासाहेबांनीच घटना समितीत दिले. मसुदा मांडताना त्यांनी सांगितले की हा देश राज्यांनी आपसांत करार करून बनलेला नाही. म्हणून कोणाही राज्याला करार मोडून निघण्याचा हक्क नाही. राज्यकारभारासाठी देशाचे भाग पाडले आहेत, पण देश एक आहे. म्हणूनच घटनेच्या पहिल्या कलमात 'राज्यांचा संघ' असा मुद्दाम निवडलेला शब्द आला. पुढे १९६३ च्या सोळाव्या घटनादुरुस्तीने निवडणुकीच्या उमेदवाराला देशाचे सार्वभौमत्व आणि अखंडता राखण्याची शपथ घ्यावी लागू लागली. सिंगापूरला मोठ्या भावाने दार उघडून दिले, माँटेनेग्रोला दाराची किल्ली सनदेतच होती. आपल्या घराला बाहेरचे असे दार ठेवलेले नाही.

पण आतल्या खोल्यांच्या भिंती मात्र हलवता येतात! तिसऱ्या कलमाप्रमाणे संसद साध्या बहुमताने नवे राज्य करू शकते, हद्दी बदलू शकते. ज्या राज्याचे तुकडे व्हायचे त्याच्या विधानसभेचे मत मागवावे लागते, पण ते मानलेच पाहिजे असे नाही. निजामाच्या संस्थानाचा तेलुगू भाग असलेला तेलंगण १९५६ साली आंध्रात गेला आणि २ जून २०१४ रोजी वेगळे राज्य झाला. आंध्रच्या विधानसभेने नकार दिला होता, तरी फेब्रुवारी २०१४ मध्ये संसदेने विधेयक मंजूर केले. वेगळे राज्य झाले, पण देश तोच, नाणे तेच, मताचा हक्क तोच.

चारठाण्याचेच पाहा. गाव जागचे हलले नाही, पण किती कारभारी बघितले! १९४७ पर्यंत इंग्रजांच्या छत्राखालचा निजाम. मग तेरा महिन्यांचा 'स्वतंत्र' निजाम. मग जनरल चौधरींचे लष्करी सरकार. २६ जानेवारी १९५० पासून भारताच्या घटनेखालचे हैदराबाद राज्य, आणि त्याचा राजप्रमुख कोण तर पुन्हा तोच निजाम! (दिल्लीवाल्यांचा हा उदारपणा आम्हाला अजून उमगलेला नाही.) १ नोव्हेंबर १९५६ ला द्वैभाषिक मुंबई राज्य आणि १ मे १९६० ला महाराष्ट्र. पुढे जिल्हाही कातरला गेला. १९८१ साली परतूर तालुका परभणीतून निघून जालना जिल्ह्यात गेला. १९९९ साली हिंगोली वेगळी झाली. चारठाणे परभणीतच राहिले.

या भिंती कोठे घालाव्यात यावर बाबासाहेबांनी १९५५ साली पुस्तिका लिहिली. मराठी मुलखाची एकच मोठी मोट बांधण्याऐवजी चार राज्ये करावीत, त्यात मुंबई एक आणि मराठवाड्याचे मध्य महाराष्ट्र एक, असे त्यांनी सुचवले. निजामाच्या राज्यात मराठवाडा मागे ठेवला गेला, तो मोठ्या राज्यात पुन्हा मागेच पडेल ही त्यांची काळजी होती. त्याच पुस्तिकेत त्यांनी दुसरेही सांगून ठेवले की भाषेच्या प्रत्येक राज्यात एखादी जात संख्येने आणि जमिनीने सर्वांत वरचढ असते, तिच्या हातात राज्य गेले की बाकीच्यांचे काय? राज्य लहान असो की मोठे, हा प्रश्न त्यांनी सोडला नाही. चार राज्यांची सूचना मान्य झाली नाही. मराठवाडा कोणतीही अट न घालता महाराष्ट्रात आला.

आजी हे सर्व ऐकत होती. कलमे तिला कळली की नाही सांगता येत नाही, पण तिने तिच्या बाजूची गोष्ट सांगितली. "राज गेलं तरी आमच्या माहेरी पाणी वरूनच वाढायचे. माय घागर घेऊन उभी राहायची, कुणी दया आली तर वतायचे. बा वेठीला जायचा. नवं राज आलं म्हून वेठ एका दिवसात नाही सुटली. बा भांडून आला तव्हा सुटली." १९५३ साली फेडरेशनने मराठवाड्यात पडीक आणि गायरान जमिनीसाठी सत्याग्रह केला, त्यात शेकडो माणसे तुरुंगात गेली. आजीचे वडीलही त्यात होते असे घरात सांगतात. जमीन मात्र त्यांना मिळाली नाही. गायरान कसणाऱ्यांचे खटले मराठवाड्यात पुढे कित्येक वर्षे चालले.

"पण माय मत टाकायला गेली व्हती," आजी म्हणाली. ती १९५२ ची पहिली सार्वत्रिक निवडणूक. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी, पेटीवर चित्र. "पाटलीणबाई पुढं, माय मागं. एकाच दारातून गेल्या. पाटलीणबाईच्या बोटालाही शाई आन् मायच्या बोटालाही शाई. मायनं आठ दिवस ते बोट पाण्यात घातलं नाही, जाईल म्हून."

मुलीने हे लिहून घेतले. मग विचारले, "आजी, तुझा जन्म कधीचा? निबंधात टाकते."

आजी हसली. जन्माची नोंद कोठे असणार? आधार कार्डावर १ जानेवारी आहे. गावातल्या तिच्या वयाच्या बहुतेक बायांचा वाढदिवस १ जानेवारीलाच येतो. "निजामाच्या राजात जलमले, एवढं लिही."

मग ती आत गेली आणि ट्रंकेतून एक चिंधी आणली. चिंधीत चारमिनारचे चित्र असलेला हाली रुपया होता. आईने दिलेला. संस्थान गेल्यावरही हे नाणे बाजारात चालत होते, १९५९ पर्यंत. त्यानंतर कोणी घेईना. मुलगी तो रुपया हातात फिरवून बघत राहिली आणि म्हणाली, "आजी, उद्या शाळेत नेऊ का? सरांना दाखवते."

"ने," आजी म्हणाली, "पण चिंधीसकट परत आण."